बिझनेस, पैसा आणि जगाची पुस्तकं कुठनं सुरू करायची: यार्डातल्या हिशेबनिसाचा सल्ला

दिवाळीत भाचा घरी आला, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, फराळाचं ताट बाजूला सारून मोबाईल पुढं केला आणि म्हणाला, मामा ही यादी बघ, यातलं पहिलं कुठलं घेऊ. बघतो तर पन्नास पुस्तकं, सगळी इंग्लिश, निम्मी पहाटे पाचला उठायची आणि उरलेली अब्जाधीश व्हायची. म्हटलं लगा, यादी करणाऱ्यानं तरी यातली पाच वाचलीत का ते विचार आधी. मग त्याला तासभर बसवून जे सांगितलं तेच इथं टाइप करतोय, कारण नंतर दुकानातल्या दोन पोरांनी पण तेच विचारलं आणि सीझनमध्ये प्रत्येकाला तासभर सांगत बसायला जमत नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो, वीस वर्षं होत आली. अर्थशास्त्राची डिग्री वगैरे काही नाही, इंग्लिश वाचायला शिकलो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. चुका मात्र भरपूर केल्यात. सुरुवातीला एका प्रदर्शनातनं एकदम अकरा पुस्तकं आणली, डिस्काउंट होता म्हणून. दोन वाचली, नऊ पलंगाखालच्या ट्रंकेत गेली आणि २०१९ च्या पुरात ट्रंक पाण्याखाली. घर उघडलं तेव्हा नुसता लगदा, आणि गंमत म्हणजे त्यातल्या चारांची नावं सुद्धा मला आठवेनात. तेव्हापासनं एकावेळी एकच पुस्तक, आणि पुस्तकांचं कपाट वरच्या मजल्यावर.

पायरी १: आधी पुस्तक नाही, एक वस्तू निवडा

हे ऐकायला येडपटासारखं वाटेल पण हीच सगळ्यात कामाची पायरी आहे. नवखा माणूस 'मला इकॉनॉमिक्स समजून घ्यायचंय' असं म्हणून सुरू करतो आणि तिसऱ्या चॅप्टरला झोपतो, कारण त्याच्या डोक्यात प्रश्नच नसतो. आपल्या जिल्ह्यात प्रश्नांचा काय तोटा हो. हळद आहे, बेदाणा आहे, द्राक्ष आहे, ऊस आहे, दूध आहे. यातलं एक धरा, शक्यतो ज्याच्यावर तुमच्या घरात कुणाचं तरी पोट आहे असं.

समजा साखर धरली. उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच तो किमान भाव, केंद्र सरकार ठरवतं, साखर बाहेर पाठवायची का नाही ते पण दिल्लीत ठरतं, २०२२ च्या जूनपासनं निर्यातीवर बंधन आलं तेव्हा कारखान्याच्या गेटवर त्याचीच चर्चा होती. बरं तिकडं ब्राझील जगात सगळ्यात जास्त साखर करतो, आणि कच्चं तेल महाग झालं की तिथले कारखाने साखरेऐवजी इथेनॉलकडं वळतात, म्हणजे आखातात काही बिघडलं तर त्याचा धक्का फिरून फिरून वाळव्याच्या ऊसवाल्यापर्यंत येऊ शकतो. बेदाणा धरला तर तासगावच्या सौद्यात भाव पडला की लगेच कुणीतरी म्हणतं अफगाणिस्तानचा माल आला असेल. तो माल वाघा-अटारीवरनं येतो का इराणच्या चाबहार बंदरातनं, हे बघायला गेलं की भारत-पाकिस्तान-इराण सगळं आलंच की.

आणि विटा-खानापूर-आटपाडीकडच्या लोकांनी तर सोनंच धरावं. तिकडची गलाईवाली माणसं देशभर पसरलीत, कुठल्याही शहरातल्या सराफ गल्लीत जावा, सोनं-चांदी गाळणारा आपला माणूस भेटतो. त्यांच्या मोबाईलवर रोज सकाळी औंसाचा डॉलरमधला भाव असतो. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, १९७१ च्या ऑगस्टपर्यंत त्याला ३५ डॉलर असा भाव अमेरिकन सरकारनं बांधून दिलेला होता, दुसऱ्या देशांनी डॉलर आणून दिले तर सोनं द्यायची हमी होती, ती तिथला अध्यक्ष निक्सननं बंद केली आणि तिथनं पुढचं सगळं आजचं जग सुरू झालं. जवळचं बघायचं तर २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये सोन्यावरची आयात ड्युटी १५ टक्क्यांवरनं ६ वर आणली आणि भाव एकदम खाली आला, त्या दिवशी ज्यांच्याकडं माल पडून होता त्यांना विचारा कसं वाटलं. हे सगळं एका धातूत आहे.

तर वस्तू धरायची, दोनशे पानी वही घ्यायची आणि पहिल्या पानावर त्या वस्तूबद्दलचे तीन प्रश्न लिहायचे. भाव कोण ठरवतं, पैसा कुणाकडं राहतो, आणि कुठल्या देशात काय झालं तर हे बदलेल. पुस्तकं त्यानंतर.

पायरी २: शब्दांची भीती घालवा

बहुतेक लोक इथंच अडकतात. इन्फ्लेशन, लिक्विडिटी, डेफिसिट, आणि मराठीत गेलं तर चलनवाढ, तरलता, तूट, म्हणजे इकडं आड तिकडं विहीर. माझी पद्धत अशी की प्रत्येक शब्दाला यार्डातला शब्द शोधायचा. लिक्विडिटी कमी झाली म्हणजे काय, तर यार्डात म्हणतात ना 'पैसा फिरंना झालाय', तेच. वायदा, उचल, थकबाकी, कसर हे शब्द तर आपल्याला आधीपासनं माहीत आहेत, फक्त पुस्तकात ते टाय घालून येतात.

मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, तो आपल्या वाईत तयार झालाय, सातारा जिल्ह्यातच, त्यातल्या अर्थशास्त्राच्या नोंदी अडलेल्या शब्दासाठी बघायला बऱ्या आहेत, भाषा जरा जड आहे पण दोनदा वाचलं की कळतं. आकडे मात्र त्यातले घेऊ नका, जुने आहेत. आणि सलग वाचायला अच्युत गोडबोल्यांचं 'अर्थात' घ्या. जाड आहे, घाबरू नका. त्यात विचारवंतांच्या गोष्टींतनं अर्थशास्त्र येतं. पहिल्यापासनं शेवटपर्यंत वाचायची सक्ती नाही, आपल्या तीन प्रश्नांच्या जवळचं प्रकरण आधी काढा.

पायरी ३: स्वतःच्या पैशाची पुस्तकं

इथं सगळ्यात जास्त कचरा आहे म्हणून इथं जरा जास्त बोलतो.

पहिलं पुस्तक मॉर्गन हाउसेलचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी', २०२० चं आहे, मराठी अनुवाद मिळतो. छोटी छोटी प्रकरणं आहेत, एसटीत बसून वाचता येतात. त्यात वॉरन बफे या अमेरिकन गुंतवणूकदाराचा हिशेब दिलाय की त्याच्या ८४.५ अब्ज डॉलरपैकी ८१.५ अब्ज वयाच्या ६५ नंतर आले. चक्रवाढ व्याज शाळेत सगळेच शिकलो, पण हा आकडा वाचून मी वही काढून स्वतःच्या पीएफचं गणित केलं, एवढं शाळेनं कधी करायला लावलं नाही.

दुसरं मोनिका हालन यांचं 'लेट्स टॉक मनी'. हे आपल्या देशातलं आहे म्हणून महत्त्वाचं. इन्शुरन्स आणि गुंतवणूक एकात एक मिसळू नका ही गोष्ट त्यात इतकी साफ सांगितलीय की वाचून झाल्यावर तुमचा ओळखीचा एजंट चहाला बोलवेल तेव्हा तुम्ही वेगळे प्रश्न विचाराल. मी विचारले, त्यानं परत चहाला बोलवलं नाही.

'रिच डॅड पुअर डॅड' सगळेच सांगतात. वाचा, पण शंभर पानं झाली की पुढं तेच तेच आहे. नोकरीवर विसंबून राहू नका आणि पैसा खाणाऱ्या वस्तू कमी घ्या, हे दोन मुद्दे चांगले, पण त्यातनं कुणी कर्ज काढून प्लॉट घ्यायला निघाला तर त्याला बसवून पाणी द्या.

आता बेंजामिन ग्रॅहमचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर', १९४९ चं. नवख्यानं हे पहिलं घेऊ नये, घेतलं तर आडवं पडतं. पण त्यातली दोन प्रकरणं, आठवं आणि विसावं, ही सुटी वाचली तरी चालतात, बफे स्वतः तीच वाचा म्हणतो. आठव्यात 'मिस्टर मार्केट' नावाचा भागीदार आहे, तो रोज दारात येऊन तुमच्या हिश्श्याचा भाव सांगतो, कधी खुशीत असतो तेव्हा जास्त, कधी उदास असतो तेव्हा फारच कमी, आणि तुमच्यावर त्याचं ऐकायचं बंधन अजिबात नाही. हे वाचताना मला हरिपूरची पेवं आठवली, हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे. पेवात हळद ठेवलेला शेतकरी आज भाव पडला म्हणून पेव उकरत नाही, गप बसतो. पण ज्याला सोसायटीचं कर्ज भरायचंय त्याला आजच्या भावानं विकावंच लागतं. तेच शेअरमध्ये. विसाव्या प्रकरणात 'मार्जिन ऑफ सेफ्टी', म्हणजे वस्तू तिच्या खऱ्या किमतीपेक्षा पुरेशी स्वस्त मिळाली तरच घ्यायची, आपला अंदाज चुकला तरी झेपलं पाहिजे.

ऑप्शन ट्रेडिंगची पुस्तकं मागणाऱ्या पोरांना मी एकच आकडा सांगतो. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब काढला, फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या साध्या लोकांपैकी १०० तले ९३ तोट्यात. बाकी सात जण पुस्तक वाचून जिंकले असतील असं वाटत असेल तर करा.

आणि आता या पायरीची परीक्षा. पुस्तक समजलं का हे कसं कळणार, तर घरात ज्या पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत पैसे आहेत तिचा वार्षिक अहवाल काढायचा. सभासद असाल तर सर्वसाधारण सभेच्या आधी मिळतो. आमच्या वडिलांची ठेव एका पतसंस्थेत अडकली होती, नाव घेत नाही. नंतर मी कपाट आवरताना खालच्या फळीवर अंथरलेले तिचे तीन वर्षांचे अहवाल सापडले, त्यावर आईनं डबे ठेवलेले. उघडून बघितलं तर सगळं त्यात छापलेलंच होतं. थकबाकी दरवर्षी वाढत गेलेली, तरतूद तेवढीच, ऑडिट वर्ग अ वरनं ब आणि ब वरनं क. आम्ही वाचलंच नव्हतं. तर बघायचं काय, ठेवींच्या मानानं कर्ज किती दिलंय, म्हणजे सीडी रेशो. थकबाकीचे टक्के मागच्या वर्षीपेक्षा वर का खाली. बुडीत कर्जासाठी तरतूद किती. संचालक आणि त्यांच्या नातेवाईकांकडं कर्ज किती. ऑडिट वर्ग. या पाच ओळी शोधायला सुरुवातीला अर्धा दिवस जाईल, पुढच्या वर्षी दहा मिनिटं. अजून एक, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, २०२० पासनं ही मर्यादा आहे, पण तो विमा बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. हे आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

पायरी ४: धंद्याची पुस्तकं, यशाची कमी आणि फजितीची जास्त

आपल्याकडं किर्लोस्करवाडी आहे पलूसजवळ, रेल्वेनं जाताना दिसते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजानं दिलेल्या माळावर, निवडुंग तोडून आणि साप मारून कारखाना काढला. त्यांचे चिरंजीव शंतनुराव, त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कॅक्टस अँड रोझेस'. जुनी प्रत एखाद्या वाचनालयात मिळाली तर सोडू नका. त्या कारखान्यात लोखंडी नांगर व्हायचा आणि सुरुवातीला शेतकरी तो घेईनात, लोखंडानं जमीन नासते म्हणून, ही गोष्ट मला कुठल्याही स्टार्टअपच्या भाषणापेक्षा जवळची वाटते. माल चांगला असून गिऱ्हाईक घेत नाही, मग काय करायचं. बरं 'किर्लोस्कर' मासिक पण तिथनंच निघालं, म्हणजे नांगर आणि वाचन एकाच वाडीत.

मोठ्या घराण्याचं वाचायचं असेल तर गिरीश कुबेरांचं 'टाटायन' मराठीतच आहे, मराठी सरळ आणि वेगवान आहे, शंभर पानं कधी जातात कळत नाही. लेखकाला टाटांबद्दल आदर आहे हे पानापानावर दिसतं, ते ध्यानात ठेवून वाचायचं.

फिल नाइटचं 'शू डॉग' नायकेबद्दल आहे. बुटांत इंटरेस्ट नसला तरी घ्या. १९६४ ला त्यानं ब्लू रिबन नावानं जपानी बूट आणून विकायला सुरू केलं आणि पुढची कित्येक वर्षं विक्री दरवर्षी वाढतेय तरी खिशात दमडी नाही, बँकवाला पाठीमागं लागलेला. यार्डात हे मी रोज बघतो, धंदा दणक्यात चालतो आणि महिनाअखेरीला हमालीचे पैसे द्यायला उसनवारी. नफा आणि रोकड या वेगळ्या गोष्टी आहेत हे अकाउंटच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलंय, इथं त्याच्यावर सगळं पुस्तक आहे.

आणि फजितीचं पुस्तक म्हणजे सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं 'द स्कॅम'. हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्याचं. सिरियल बघितली असेल सगळ्यांनी, पण सिरियलमध्ये तो हिरो वाटतो. पुस्तकात कळतं की बँकांची एकमेकांतली कागदपत्रं, त्या बँक रिसिट, त्यांच्यावर कुणी नीट बघतच नव्हतं आणि पोकळी तिथं होती. १९९२ च्या एप्रिलमध्ये बातमी फुटली. मला विचाराल तर नवख्यानं धंद्याची तीन पुस्तकं वाचली तर एक घोटाळ्याचं असावंच. जिंकलेला माणूस गोष्ट नंतर सांगतो, तोवर नशिबाचा वाटा गाळलेला असतो.

पायरी ५: जग

इथं पहिली खरेदी पुस्तक नाही, नकाशा. पोरांच्या शाळेचा ॲटलास चालतो, भिंतीवरचा असला तर उत्तम. आमच्या दुकानात कॅलेंडरच्या शेजारी लावलाय, हमाल लोक पण बघत उभे राहतात.

मग टिम मार्शलचं 'प्रिझनर्स ऑफ जिऑग्राफी', २०१५ चं, दहा नकाशांवर सगळं पुस्तक. रशियाला गोठत नाही असं बंदर का पाहिजे, चीनला तिबेट का सोडवत नाही, हे भूगोलातनं सांगितलंय. एकदम पटतं, आणि एवढं पटतं म्हणूनच जरा सावध, सगळंच काय डोंगर-नद्या ठरवत नाहीत, नाहीतर कृष्णाकाठचं प्रत्येक गाव सारखंच झालं असतं.

तेलाचं कुबेरांनी मराठीत भरपूर लिहिलंय. 'हा तेल नावाचा इतिहास आहे!' आधी, मग 'एका तेलियाने'. दुसरं सौदीचे तेलमंत्री शेख यामानी यांच्यावर, हा माणूस १९६२ पासनं १९८६ पर्यंत मंत्री होता, १९७३ ची तेलबंदी त्याच्या काळातली आणि १९७५ ला व्हिएन्नात ओपेकच्या, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेच्या, बैठकीतनं त्याला दहशतवाद्यांनी ओलीस धरून नेलं होतं. कादंबरी वाचावी तसं वाचून होतं, आणि डिझेलच्या भावाकडं बघायची नजर बदलते.

माझं सगळ्यात आवडतं मात्र मार्क लेव्हिन्सनचं 'द बॉक्स'. विषय काय तर कंटेनर! लोखंडी पेटी! १९५६ मध्ये एका जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कवरनं ह्यूस्टनला नेल्या, आणि सुटा माल चढवायला टनाला जवळजवळ सहा डॉलर लागायचे ते सोळा सेंटच्या आसपास आलं. गोदीतल्या हमालांचं काय झालं, कुठली बंदरं मेली, कुठली उभी राहिली, सगळं आहे. मी यार्डातला माणूस, हमाली तोलाई रोज लिहितो, मला ते पुस्तक म्हणजे घरची गोष्ट वाटली. आपली द्राक्षं त्याच पेटीत गारठून युरोपला जातात. २०२३ संपताना तांबड्या समुद्रात येमेनकडनं जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, ऐन सीझनच्या तोंडावर, तेव्हा मिरज-तासगावच्या बागायतदारांना येमेन नकाशावर कुठं आहे ते दाखवायला लागलं नाही.

'चिप वॉर' आणि 'व्हाय नेशन्स फेल' ही दोन दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. दुसऱ्यातलं पहिलं प्रकरण तेवढं आत्ता वाचलं तरी चालेल, नोगालेस नावाचं एकच शहर, मध्ये कुंपण, अर्धं अमेरिकेत अर्धं मेक्सिकोत, आणि दोन्हीकडचं जगणं वेगळं. लेखकांना २०२४ ला नोबेल मिळालं. त्याच्यासोबत बॅनर्जी-डुफ्लोंचं 'पुअर इकॉनॉमिक्स' ठेवा, ते मोठमोठ्या सिद्धांतांत न जाता गरीब माणूस पैसा कसा वापरतो ते घरात जाऊन बघतं.

पायरी ६: वाचायचं कसं

रोज वीस पानं, जास्त नको. पन्नास पानांत पकड आली नाही तर बंद करा, पाप लागत नाही. इंग्लिश जड जात असेल तर आधी मराठी अनुवादातलं एक प्रकरण वाचून मग तेच इंग्लिशमध्ये वाचायचं, दोन-तीन महिन्यांत सवय होते. काही अनुवाद मात्र इतके वाईट आहेत की मूळ इंग्लिश सोपं वाटतं, म्हणून घ्यायच्या आधी मधलं एक पान उभ्या उभ्या वाचून बघा. रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या नकली प्रती घेऊ नका, माझ्या एका प्रतीत १२८ नंतर थेट १६१ पान होतं.

विकत घ्यायच्या आधी वाचनालय. सांगली-मिरजेत, साताऱ्यात जुनी नगर वाचनालयं आहेत, महिन्याची वर्गणी एका पुस्तकाच्या किमतीपेक्षा कमी. महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर मध्ये भिलारला थांबा, २०१७ पासनं ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलीत, कुणी उठवत नाही. स्ट्रॉबेरी घेऊन बसा.

प्रत्येक पुस्तकात आधी छापल्याचं वर्ष बघा आणि लेखक आत्ता काय विकतो ते बघा. कोर्स विकत असेल तर पुस्तक ही त्या कोर्सची जाहिरात असू शकते.

जरा मुरलात की जुन्याकडं वळा. फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा, कर्ज, कोर्ट, सारा, भट-कामगार (म्हणजे त्या काळचे ब्राह्मण सरकारी अधिकारी) यांच्यात शेतकरी कसा पिळला जातो त्याचा हिशेबच आहे तो, आणि फुल्यांचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण. बाबासाहेब साताऱ्यात शाळेत जायचे, त्यांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ ला आलं, रुपया सोन्याला कसा बांधायचा या वादावर. ते अवघड आहे, पण ज्यानं पहिल्या पायरीत सोनं धरलंय त्याला शेवटी तिथं जायलाच लागतंय.

भाच्यानं बेदाणा धरला. वहीत तीन प्रश्नांचे आता सतरा झालेत आणि 'द बॉक्स' माझ्याकडनं घेऊन गेलाय तो अजून परत दिलेला नाही. तुम्हाला हळदीचे सौदे बघायचे असतील तर फेब्रुवारीनंतर या, राजापुरी जातीची हळद आलेली असते, सकाळी लवकर या. येताना पतसंस्थेचा अहवाल पिशवीत टाका, सौदे संपले की चहा घेत घेत बघू.